सांगली ते नागपूर घर हलवायचंय: तीन कोटेशनं, तीन वेगळे आकडे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या टू बीएचकेत राहणाऱ्या एका ताईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आहे. ते १ जूनला रुजू होतील. इथलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. सामान हलवायला तीन आकडे हाती आले आहेत. इंटरनेटवर नंबर टाकल्यावर आलेल्या फोनवर एकानं घर न बघताच "सगळं मिळून साडेसोळा हजार" सांगितलं आणि निम्मे पैसे लगेच मागितले. दुसऱ्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. त्यानं १७ फुटी गाडी धरून ३८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी असं लेखी दिलं. तिसरा मार्केट यार्डातला, दिरांच्या ओळखीचा ट्रकवाला. तो नुसत्या गाडीचे २४,००० म्हणतो. पॅकिंग आणि हमाली आपली. यजमानांच्या कंपनीकडून बिल दाखवल्यावर २५,००० पर्यंत मिळणार आहेत. यजमानांचं म्हणणं, पॅकर्सवाले लुटतात, ट्रकवालाच बरा. सासूबाईंना पितळेची भांडी, तांब्याचा बंब आणि दहा वर्षांपूर्वीचा सोफा, सगळंच न्यायचंय. ताई विचारतात, "१ तारखेच्या आत सगळं पोचवायचं आहे. यातला स्वस्त कोण आणि खात्रीचा कोण?"

ताई,

तिन्ही आकडे शेजारी मांडून लहान कुठला ते बघत बसलात तर फसाल, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव सांगितले आहेत. आधी ते एका पातळीवर आणू.

ट्रकवाल्यापासून सुरुवात करते. २४,००० मध्ये गाडी, डिझेल, टोल आणि ड्रायव्हर आला. आता बाकीचं धरा. इथे दुसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरवायला चार हमाल, तिथे चढवायला चार, दोन्हीकडचे मिळून आठेक हजार. पुठ्ठ्याची ३५-४० खोकी, बबल रॅप, स्ट्रेच फिल्म, कोरुगेटेड रोल, टेप, सुतळी यांचे साडेपाच हजार. पलंग आणि डायनिंग टेबल खोलायला इथे सुतार, जोडायला तिथे सुतार, दोघांचे तीन हजार. बेरीज ४०,५०० वर जाते. गावागणिक दर थोडे खालीवर होतील, पण २४,००० चा आकडा २४,००० राहत नाही हे नक्की. दुसऱ्या कंपनीचे ३८,००० जीएसटीसकट ४४,८४० होतात. म्हणजे दोघांतला खरा फरक चारेक हजारांचा आहे, आणि तेवढ्यासाठी पॅकिंगचे चार दिवस आणि फुटतुटीची सगळी जबाबदारी तुम्ही अंगावर घेणार.

आता यात यजमानांच्या कंपनीचे २५,००० घाला. ते बिलावर मिळणार आहेत. जीएसटी क्रमांक असलेलं बिल देणाऱ्या कंपनीला ४४,८४० दिले तर तुमच्या खिशातून १९,८४० जातात. ट्रकवाल्याकडे पक्कं बिल नसेल तर पूर्ण ४०,५०० तुमचे. पॅकर्सवाले लुटतात की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवून यजमानांना आधी एवढंच करायला सांगा: ऑफिसात एचआरला ईमेल करून विचारायचं की परताव्यासाठी नक्की कोणता कागद लागतो. काही ठिकाणी ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे वाहतुकीला माल ताब्यात घेतल्याचा त्यांचा कागद, आणि पैसे दिल्याची पावती चालते, काही ठिकाणी जीएसटी बिलाशिवाय एक रुपया सुटत नाही. "बिल आम्ही बनवून देतो, सामान कशातूनही न्या" असं सांगणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. असं बिल पकडलं गेलं तर नोकरीवर येतं.

साडेसोळा हजारवाल्याचं गणित तुम्हीच करून बघा. सांगलीहून मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास पडतं. भरलेली १४ फुटी गाडी लिटरला आठेक किलोमीटर देते. म्हणजे नुसत्या जायच्या वाटेचं डिझेल ९५ लिटरच्या पुढे, लिटरला ९० रुपयांनी धरलं तरी साडेआठ हजारांच्या वर. त्यात टोल, ड्रायव्हरचा भत्ता, दोन्हीकडची हमाली आणि पॅकिंगचं सामान मिळवलंत की बावीस-तेवीस हजारांच्या वर जातं, आणि त्यात गाडीमालकाची कमाई अजून आलेलीच नाही. असा भाव दोनच तऱ्हांनी जमतो. एक, तुमचं सामान पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर जाणार. दुसरी, गाडी भरून झाल्यावर "सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं" म्हणून आकडा वाढणार. सामान गाडीत आणि तुम्ही रस्त्यावर, अशा वेळी कोणाचं काही चालत नाही. घर न बघता "सगळं मिळून" भाव सांगणाऱ्याला आणि लगेच निम्मे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पार्ट लोडमध्ये वाईट असं काही नाही. सामान थोडं असेल तर तेच परवडतं. पण पार्ट लोडचा माल बहुधा मध्ये एखाद्या गोडाऊनला उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. काच, लॅमिनेट आणि फ्रिजचे दरवाजे मार खातात ते मुख्यतः अशा जास्तीच्या चढ-उतारीत. शिवाय सामान तिसऱ्या दिवशी येईल की दहाव्या, हे दुसऱ्याच्या मालावर ठरतं. म्हणून कोटेशनमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या: गाडी स्वतंत्र की पार्ट लोड, आणि वाटेत गाडी बदलणार की नाही.

इथपर्यंत झाली आकड्यांची गोष्ट. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तुमच्या पत्रातलं "सगळं" आणि "१ तारखेच्या आत". भाडं वाढतं ते या दोन शब्दांनी.

घरगुती सामानाचं भाडं वजनापेक्षा जागेवर ठरतं. टेप घेऊन एक संध्याकाळ घालवा आणि प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा. टू बीएचकेचा अंदाज साधारण असा येतो. पलंग खोलून, गादीसकट ४० घनफूट. सोफा तीन अधिक एक अधिक एक, ९० घनफूट. फ्रिज २३, वॉशिंग मशीन १२. लोखंडी कपाटं दोन, ६२. डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या ४०. दिवाण २७. दीड फुटी ३५ खोकी, ११८. टीव्ही, टीपॉय, शेल्फ वगैरे २५. स्कूटर ५०. एकूण ४८७. १४ फुटी गाडीचा हौदा १४ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे कागदावर ५०४ घनफूट. पण सामान वेड्यावाकड्या आकारांचं असतं, त्यामुळे पाचवा हिस्सा जागा रिकामीच जाते आणि उरतात ४०० च्या आसपास. म्हणूनच घरी आलेल्या माणसानं १७ फुटी गाडी धरली. त्यानं तुम्हाला फसवलेलं नाही.

आता सोफा आणि स्कूटर यादीतून काढा. ३४७ घनफूट राहतात आणि १४ फुटी गाडीत सामान ऐसपैस बसतं. एक बारकावा लक्षात ठेवा: गाडीचा आकार तोच राहिला तर चार वस्तू कमी करून भाडं फारसं उतरत नाही. आकार एका पायरीनं उतरला तरच उतरतं. त्यामुळे "हे नेऊ की नको" याचा विचार एकेका वस्तूचा करू नका, गाडीची पायरी डोळ्यांसमोर ठेवून करा. मग त्याच कंपनीकडून १४ फुटी गाडीचं नवं कोटेशन मागा.

४४,८४० ला ४८७ नं भागलं तर घनफुटाला ९२ रुपये पडतात. म्हणजे तुमचा दहा वर्षांचा सोफा नागपूरच्या दिवाणखान्यात पोचेपर्यंत आठ हजारांवर जातो. तो इथेच विका, किंवा नात्यातल्या कुणाला वापरायला द्या. लोखंडी कपाटं मात्र न्या. एकाला ३१ घनफूट, म्हणजे अठ्ठावीसशे-एकोणतीसशे रुपये. तसं नवं कपाट त्या पैशात येत नाही. पार्टिकल बोर्डचा वॉर्डरोब असेल तर उलट. तो खोलला की स्क्रूची भोकं सैल होतात, पुन्हा जोडल्यावर दारं लोंबतात. तो हलवण्यात पैसा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाईंचा बंब आणि भांडी न्यायला काहीच हरकत नाही, उलट न्याच. पितळ जड असलं तरी जागा थोडी खातं, आणि बंबाच्या आतली पोकळी टॉवेल-चादरींनी भरता येते. भांडी आणि पुस्तकं लहान खोक्यांत भरा, खोकं १५ किलोच्या वर जाऊ देऊ नका. मोठ्या खोक्यात जड सामान भरलं की उचलताना तळ फाटतो. जड मालाला पाच पदरी पुठ्ठा घ्या, कपड्यांना तीन पदरी चालतो. काचेच्या बशा आडव्या एकमेकींवर रचू नका, कागदात गुंडाळून उभ्या लावा. आडव्या रचलेल्या बशांत धक्का बसला की सगळा भार तळाच्या बशीवर येतो.

स्कूटरचं वेगळं बघा. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेवरून नागपूरला जाते. मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात दर आणि दिवस विचारून या. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि गाडी बारदानात गुंडाळून तिच्यावर नाव-पत्ता ठळक लिहावा लागतो. नागपूर स्टेशनवर ती वेळेत सोडवून घ्या, नाहीतर ठेवल्याचे वेगळे पैसे चढत जातात.

आता तारीख. यजमानांना १ जूनला हजर व्हायचंय, सामानाला नाही. मे अखेर म्हणजे सुट्ट्यांतल्या बदल्या आणि पहिल्या तारखेपासून सुरू होणारे भाडेकरार, दोन्ही एकत्र येतात. त्या आठवड्यात गाड्याही महाग आणि हमालही टंचाईत. मुलं शाळेत असतील तर हेही लक्षात घ्या की विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्याकडच्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. यजमानांनी दोन बॅगा घेऊन पुढे जावं, घर बघावं, आणि सामान जूनच्या मध्यावर, मंगळवार-बुधवारसारख्या मधल्या वारी निघावं. इथलं जूनचं भाडं भरावं लागेल, तो खर्च मांडून बघा. घरमालक पंधरा दिवसांचं घ्यायला तयार असेल तर हे नक्कीच परवडेल. पाऊस सुरू झालेला असेल, म्हणून बंद बॉडीची गाडी मागा. उघड्या गाडीवर ताडपत्री कितीही ताणली तरी कडेनं पाणी उतरतं आणि गादी भिजली की वाळत नाही.

ट्रकवाल्याचा पर्याय मी पूर्ण बाद करणार नाही. नागपूरहून सांगली-मिरजेला माल टाकून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच खाली येतं. मार्केट यार्डातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांना अशा गाड्यांची माहिती असते. दिरांची ओळख त्या कामी येऊ द्या. पण तेव्हाही बिल्टी हवीच.

ज्यांना काम द्याल त्यांचा १५ अंकी जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तिथे दिसणारं नाव, कोटेशनवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव, तिन्ही जुळायला हवीत. मोठ्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर फिरवून धंदा करणारे बरेच आहेत. "आयबीए मान्य" असा शिक्का दाखवतील. ती इंडियन बँक्स असोसिएशननं बँकांच्या सोयीसाठी केलेली वाहतूकदारांची यादी आहे, चांगल्या कामाची हमी नव्हे. शिक्क्यावर विसंबू नका, यादीत नाव शोधा.

आगाऊ १० ते २० टक्क्यांहून जास्त देऊ नका, आणि तेही कंपनीच्या खात्यात, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. मोठा हिस्सा गाडी भरल्यावर, आणि निदान पाचवा हिस्सा सामान उतरल्यावर. काहीजण उतरवण्याआधी पूर्ण मागतात, तेव्हा हे बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवा. कोटेशनमध्ये गाडीची लांबी, दोन्हीकडचे मजले, सुतार, पॅकिंगचं सामान, टोल आणि आयत्या वेळी वाढलेल्या नगाचा दर, सगळं आलं पाहिजे. नागपूरच्या सोसायटीत विचारून घ्या की मोठी गाडी गेटपर्यंत येते का, लिफ्टमधून सामान नेऊ देतात का आणि किती वाजेपर्यंत. साडेसहा फुटी कपाट बहुतेक लिफ्टमध्ये उभं मावत नाही, ते जिन्यानंच चढेल. त्याची हमाली आत्ताच बोलून ठेवा. लहान टेम्पोत माल बदलून आणावा लागला तर त्याचे पैसे कोण देणार हेही.

वाटेतून फोन करून ई-वे बिलाचे (जीएसटीत मालवाहतुकीसाठी काढायचा ऑनलाइन कागद) किंवा जकातीचे पैसे मागितले तर देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून महाराष्ट्रात जकात कुठेच राहिलेली नाही.

विम्याबाबत नीट ऐका. बहुतेक कंपन्या जाहीर किमतीच्या तीनेक टक्के "रिस्क कव्हर" म्हणून लावतात. तीन लाखांच्या सामानाला ते ९,००० आणि वर जीएसटी, एकूण १०,६२० होतात. एवढे पैसे घेऊन हाती विमा कंपनीचं प्रमाणपत्र येणार नसेल तर तो विमा नाही, नुसता शब्द आहे. प्रमाणपत्र असेल तर त्यात फक्त अपघात आणि आग आहे की फुटतूटही, ते वाचा. स्वतः भरलेल्या खोक्यांतली फुटतूट सहसा धरत नाहीत. टीव्ही, फ्रिज, मशीन अशा मोजक्या महाग वस्तूंची किंमत जाहीर करून तेवढ्यांचाच घेणं तुमच्या सामानाला पुरेसं वाटतं. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याच्या नियमांनुसार जास्त किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, तीही लिहिलेल्या किमतीच्या आतच. म्हणून बिल्टीवर किमतीची जागा कोरी सोडू नका. बिल्टीवर गाडी नंबर, नगांची संख्या, भाडं आणि पोचवायचा पत्ता असल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. "ओनर्स रिस्क", म्हणजे नुकसान मालाच्या मालकाच्या माथी, असा शिक्का असेल तर तो खोडून घ्या; त्या शिक्क्यानं हलगर्जीपणाची जबाबदारी सुटत नसली तरी पुढे वाद घालायला त्यांना निमित्त मिळतं.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, बर्फाचं पाणी पूर्ण निथळू द्या. तो उभाच न्यायला सांगा; वाटेत आडवा झालाच तर नागपूरला काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. फ्रंट लोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा, ते लावले नाहीत तर ड्रम हिंदकळून सस्पेन्शन जातं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं, ती उभी आणि इतर सामानापासून दूर. गॅस सिलिंडर गाडीत चढवू नका: इथल्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफरचं व्हाउचर आणि अनामत परत घ्या, तिकडे त्यावर जोडणी मिळते. लोणची, तेल, पीठ वाटून टाका. एक बरणी फुटली तर दहा खोकी खराब होतात. दागिने, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं तुमच्या हातातल्या बॅगेत.

प्रत्येक खोक्यावर आणि वस्तूवर मार्करनं क्रमांक घाला, यादीच्या दोन प्रती करा आणि दोन्हींवर सुपरवायझरची सही घ्या. टीव्ही, फ्रिज, टेबलाची काच यांचे पॅकिंगआधी तारीख दिसेल असे फोटो काढा. नागपूरला एकानं दारात उभं राहून नग मोजायचे, दुसऱ्यानं आत जागा दाखवायची. तुटलेलं काही दिसलं तर सही करण्याआधी पोचपावतीवरच तसं लिहा. "नंतर बघू" म्हणून सही केलीत तर नंतर कोणी बघत नाही. वाटेत सामान अडवून जास्त पैसे मागितले तर गाडी नंबर आणि बिल्टी हाताशी ठेवून ११२ ला फोन करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. नुकसानीचा दावा करायचा असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोचायला हवी. कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणी करता येते. म्हणजे वेळ आलीच तर नागपुरातच करा, त्यासाठी सांगलीला खेपा घालाव्या लागणार नाहीत.